धीर न देण्याचं शिक्षण

ओसीडीवर, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डरवर (नकोसा विचार आणि तो शमवायला पुन्हा पुन्हा केलेली कृती यांच्या चक्रात अडकवणाऱ्या आजारावर), काम करणाऱ्या थेरपिस्टला सगळ्यात आधी एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे धीर द्यायची. आपल्याकडे कुणी घाबरलं की समोरचा चटकन म्हणतो, "काही होत नाही हो, उगाच डोक्यात घेता." शेजारीण म्हणते, फॅमिली डॉक्टर म्हणतात, सत्यनारायणाला आलेले गुरुजीही म्हणतात. बहुतेक दुःखांना एवढं वाक्य पुरतं. ओसीडी मात्र याच वाक्यावर पोसला जातो. "गॅस बंद केला ना?" याला "हो, केला" असं उत्तर मिळालं की पाच मिनिटं बरं वाटतं. सहाव्या मिनिटाला नवी शंका येते: "पण तिने नीट बघितलं असेल का?" त्या पाच मिनिटांच्या आरामातून मेंदू एकच धडा घेतो: धोका खराच होता, विचारून घेतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर विचारायला लावतो.

मदत करणाऱ्या माणसाची सगळ्यात चांगली प्रवृत्तीच इथे आजाराला फितूर होते. थेरपिस्ट काय शिकला आणि कुणाच्या हाताखाली शिकला, हे ओसीडीच्या बाबतीत इतकं महत्त्वाचं का, तर यासाठी. न शिकलेला थेरपिस्ट दर आठवड्याला पैसे घेऊन तासभर धीर देत राहतो. तो पेशंटला आवडतोही फार. वर्षं जातात, आणि थेरपीला जाणं हेच एक नवं कर्मकांड होऊन बसतं.

आजाराची रचना तशी समजायला अवघड नाही. नको असलेला विचार, चित्र किंवा ऊर्मी मनात घुसते, जीव कासावीस होतो, आणि ती तगमग घालवायला माणूस काहीतरी करतो. धुतो, तपासतो, मोजतो, विचारतो, मनातल्या मनात नाव घेतो. हे करणं म्हणजे कंपल्शन. मुंबईत त्याला मुंबईचं रूप येतं. आठव्या मजल्यावरून लिफ्टने खाली आलेला माणूस पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघतो, आणि तेही पुरेनासं झालं की कुलपाचे व्हिडिओ काढायला लागतो. मोबाइलमध्ये लग्नाच्या फोटोंपेक्षा कुलपाचे व्हिडिओ जास्त. कुणी फलाटावर भिंतीला पाठ लावून, हात खिशात कोंबून उभा असतो, कारण गाडी शिरताना 'पुढच्याला ढकललं तर?' हा विचार येतो. कुणी देवापुढे दिवा लावताना मनात शिवी आली म्हणून आरती पहिल्यापासून म्हणतं. धुण्याचा आजार असेल तर त्याचं वेळापत्रक पालिकेच्या पाण्याच्या वेळेवर चालतं: नळाला पाणी पहाटे येत असेल तर बाई चारला उठते, कारण साडेपाचनंतर न्हाणीघराबाहेर घरातली रांग उभी.

यातला विचार हा आजार नव्हे, हे पेशंटच्या गळी उतरवणं पहिल्या दोन-तीन भेटींचं काम. १९७८ साली स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी ओसीडी नसलेल्या लोकांना विचारलं, तुमच्या मनात असले नकोसे विचार येतात का? बहुतेकांच्या मनात येत होते. मजकूरही तोच: कुणाला इजा करावी, काहीतरी अश्लील ओरडावं, काहीतरी घाण लागली असेल. फरक एवढाच की त्या लोकांनी विचार आला तसा जाऊ दिला. ओसीडीचा माणूस तो थांबवून त्याची झडती घेतो: हा का आला? मी असा आहे का? झडती घेतली की विचार वारंवार येतो, आणि वारंवार आला की त्यात तथ्य असावं असं वाटायला लागतं.

आता शिक्षणाचं. 'समुपदेशक' ही पाटी आपल्याकडे व्यवहारात कुणीही लावतो. एम.ए. झालेला लावतो, सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही लावतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेली पदवी आणि नोंदणी क्रमांक लागतो. त्या शिक्षणात रुग्णालयाच्या मनोविकार विभागात प्रत्यक्ष काम असतं, त्यामुळे ओसीडी कुठे संपतो आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटण्याचा आजार) कुठे सुरू होतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. सायकियाट्रिस्ट हा एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर; गोळ्या तो लिहितो, सायकॉलॉजिस्ट लिहीत नाही. पेशंट दोघांनाही 'डॉक्टर' म्हणतात आणि गोंधळ तिथून सुरू होतो.

पण पदवी असली म्हणजे ओसीडीची थेरपी येतेच असं नाही. या थेरपीला ईआरपी म्हणतात, एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन: ज्याची भीती त्याच्या जवळ जायचं आणि नेहमीचं कंपल्शन करायचं नाही. पुस्तकात ती चार पानांत संपते. शिकायची तर कुणीतरी जाणत्याने तुमचं काम समोर बसून किंवा रेकॉर्डिंग ऐकून तपासावं लागतं, आणि 'इथे तुम्ही धीर दिलात, इथे पण दिलात' असं बोट ठेवून दाखवावं लागतं. स्वतःचं स्वतःला ते ऐकू येत नाही. म्हणून थेरपिस्ट निवडताना फोनवर विचारावं: ईआरपी कुणाच्या देखरेखीखाली शिकलात? सेशनमध्ये एक्सपोजर स्वतः बरोबर राहून करून घेता की फक्त बोलता? घरी करायला रोजचं काम देता का? ज्याला येतं तो या प्रश्नांवर रागावत नाही. 'आपण आधी बालपणाच्या मुळाशी जाऊ, मग लक्षणं आपोआप जातील' असं उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवावा. मनगटाला रबर बँड लावून विचार आला की चटका द्यायला सांगणारा भेटला तरीही. विचार दाबला की तो जास्त उसळतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ सालीच प्रयोगाने दाखवलंय, तरी तो रबर बँड काही हातातून सुटत नाही.

ईआरपी ही पद्धत लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातली. तिथले मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ साली दोन पेशंटांवरचं काम प्रसिद्ध केलं. त्याआधी ओसीडी म्हणजे बरा न होणारा आजार असाच समज होता. धुण्याचा आजार असलेल्या बाईला त्यांनी वॉर्डात ठेवलं, घाण वाटणाऱ्या वस्तूंना हात लावायला लावला आणि खोलीतले नळ बंद केले. आपल्याकडे नळ बंद करायचं काम पालिका फुकट करते, पण थेरपी म्हणून त्याचा उपयोग होत नाही. पेशंटने ड्रम भरून ठेवलेले असतात. गंमत सोडा, मायर यांच्यानंतर जबरदस्तीने नळ बंद करणं थेरपीतून गेलं. आज पेशंट स्वतः ठरवून नळ बंद ठेवतो, आणि तोच धडा टिकतो.

पहिल्या भेटींत मोजमाप. त्यासाठी येल-ब्राउन ही मोजपट्टी वापरतात. दहा प्रश्न, प्रत्येकी ० ते ४, एकूण ४० गुण. १६ ते २३ म्हणजे मध्यम, २४ पासून पुढे तीव्र. उपचारानंतर हा आकडा निदान ३५ टक्क्यांनी उतरला तर गुण आला असं धरतात. पण मोजपट्टीच्या जोडीला घरचे आकडे घेतलेले बरे. महिन्याला साबणाच्या वड्या किती लागतात? डेटॉलची बाटली किती दिवस पुरते? ऑफिसला निघायचं ठरल्यापासून कडी लागेपर्यंत किती मिनिटं? आईला दिवसातून किती वेळा विचारता? पेशंट 'थोडं जास्त धुतो' म्हणतो आणि बायको बाजूने सांगते, आठवड्याला सात वड्या. हे आकडे सुधारणाही आधी दाखवतात. पेशंट म्हणत असतो, काही फरक नाही, आणि साबणाचा खर्च निम्म्यावर आलेला असतो.

मग पायऱ्या मांडायच्या. प्रत्येक भीतीला ० ते १०० असा आकडा द्यायचा. रेल्वेची घाण वाटणाऱ्या, दादरला नोकरी करणाऱ्या एका माणसाचं उदाहरण घेऊ. लिफ्टचं बटण बोटाने दाबणं ३०, ऑफिसची बॅग खुर्चीवर ठेवणं ४०, दादरच्या पुलाचं रेलिंग धरणं ६०, रेलिंग धरून त्याच हाताने मोबाइल आणि मग उशी ८०, त्याच हाताने वडापाव ९०. सुरुवात साधारण ३०-४० पासून करतात. १० पासून केली तर काही शिकायलाच मिळत नाही, ९० पासून केली तर माणूस दुसऱ्या भेटीला येत नाही.

आता दादरचा पूल. वेळ दुपारी दोनची, कारण संध्याकाळी सहाला तिथे उभं राहायला जागा नसते. हात लावण्याआधी थेरपिस्ट भाकीत लिहून घेते: "हात लावला आणि धुतला नाही तर काय होईल असं वाटतं?" तो म्हणतो, रात्रीपर्यंत उलट्या होतील, आणि धुतल्याशिवाय मला तासभरही राहवणार नाही. दोन्ही वाक्यं तारीख घालून कागदावर. आधी थेरपिस्ट स्वतः रेलिंग धरते. मग तो. बोटाचं टोक चालत नाही. अख्खा तळवा, पाच मिनिटं. लोखंड गार असतं, जरा चिकट असतं, रंगाचे पापुद्रे हाताला लागतात; हे सगळं त्याने मोठ्याने सांगायचं, दुसरीकडे बघायचं नाही. मग तोच हात बाहीवर, केसांवर, गालावर, बॅगच्या आतल्या कप्प्यात. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण ओसीडीचा माणूस 'हा हात घाण, हा स्वच्छ' अशी वाटणी करून वेळ मारून नेतो. उजवा हात अधांतरी धरून घरी पोचतो आणि धुतो. सगळीकडे लावला की वाटणी करायला स्वच्छ असं काही उरत नाही. दर पाच मिनिटांनी आकडा विचारायचा. ६५, ७५, ७५, ७०, ५५.

"मॅडम, यातून काही होणार नाही ना?"

इथे सगळा कस लागतो. 'नाही हो' एवढंच म्हटलं की तासाभराचं काम फुकट. उत्तर असं असतं: "सांगता येत नाही. तुमचा आकडा आत्ता किती?" हे कोरडेपणाने म्हटलं तर पेशंट दुखावतो, शेजारी उभं राहून, स्वतःचा हात अजून रेलिंगवर ठेवून म्हटलं तर त्याला कळतं की ही बाई आपल्याला सोडून जात नाहीये, फक्त खात्री देत नाहीये.

आकडा खाली येईपर्यंत थांबायचं, असं पूर्वी शिकवायचे. मानसशास्त्रज्ञ मिशेल क्रॅस्क आणि इतरांच्या कामानंतर भर थोडा बदलला. आकडा उतरला तर चांगलंच, नाही उतरला तरी चालेल. भाकीत खोटं ठरणं आणि तगमग असतानाही दिवस चालू राहणं, हे शिकायचं आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी तो कागद काढून ताडून बघायचा. उलट्या झाल्या? तासभर राहवलं? खरंच उलटी झाली असेल तर तीही नीट बघायची: झाली, मग पुढे काय झालं?

घरी रोज पाऊण ते एक तास हेच काम. रेलिंगवर घासलेला रुमाल झिपच्या पिशवीत घालून न्यायचा. चुकून हात धुतलेच, तर लगेच त्या रुमालाला पुन्हा हात लावायचा. जेवणाआधी आणि शौचानंतर हात धुवायचे, वीस सेकंद, एकदा, घरातली बाकीची माणसं धुतात तसे. नेहमीचा आराखडा आठवड्याला एक किंवा दोन भेटी, नव्वद मिनिटांच्या, एकूण बारा ते वीस. मुंबईत नव्वद मिनिटं मिळणं कठीण, कारण बहुतेक क्लिनिकांची गणितं पंचेचाळीस मिनिटांवर बसवलेली. पंचेचाळीस मिनिटांत एक्सपोजर होतं, पण आकडा ७५ वर असताना 'वेळ संपली' म्हणावं लागतं. तो पेशंट जिन्याखाली पोचायच्या आत सॅनिटायझर काढतो.

बिघडतं कुठे, हे खरं लिहायला हवं, कारण 'ईआरपी केली, उपयोग झाला नाही' असं म्हणणाऱ्यांत पुष्कळदा ईआरपी झालेलीच नसते. सगळ्यात जास्त फसवतं ते मनातलं कंपल्शन. हात रेलिंगवर आहे, चेहरा शांत, आणि आत 'श्रीराम जय राम' सुरू आहे. श्रद्धेने घेतलेल्या नामाला कुणाची हरकत नसते. आकडा उतरवायला घेतलेलं नाम मात्र साबणच. ओळखायचं कसं? तीनच वेळा म्हणावं लागलं, मध्ये तुटलं म्हणून पहिल्यापासून घ्यावं लागलं, तर ते कंपल्शन. दुसरी फसगत थेरपिस्टच्या हजेरीची. 'मॅडम बरोबर होत्या, म्हणजे धोका नसणारच, काही झालंच तर जबाबदारी त्यांची.' म्हणून तिसऱ्या-चौथ्या वेळी मॅडमनी पुलाच्या खालीच थांबायचं, आणि त्यापुढच्या वेळी यायचंच नाही. तिसरी मोबाइलची. आईला विचारायचं बंद केलेला माणूस गुगलला विचारतो, हल्ली चॅटबॉटला विचारतो. तो न कंटाळता, न चिडता, रात्री तीनलाही धीर देतो. अशा आईपुढे घरच्या आईचा काय टिकाव लागणार! विचारण्याची ती वारंवारिताही मोजायला हवी.

हात लावण्यासारखं काही नसतं तिथे काय करायचं? बाळंतिणीचं उदाहरण घेऊ, कारण इथल्या चुकीची किंमत मोठी असते. दोन महिन्यांच्या बाळाला न्हाऊ घालताना आईच्या डोळ्यांपुढे चित्र येतं: आपण त्याला पाण्यात बुडवतोय. ती हादरते. आंघोळ सासूवर सोपवते, मग सुऱ्या वरच्या फळीवर ठेवते, मग बाळाबरोबर एकटी राहायचं टाळते. हे ती कुणाला सांगत नाही, आणि सांगितलंच तर अर्धवट शिकलेला समुपदेशक घाबरून म्हणतो, "काही दिवस बाळाला आजीकडेच ठेवा." त्या एका वाक्याने ओसीडीला सहीशिक्क्याचं सर्टिफिकेट मिळतं. जाणता थेरपिस्ट आधी फरक तपासतो. विचाराने तिला किळस येते का, ती त्यापासून पळते का? मग तो ओसीडीचा विचार. असे विचार असलेल्या आईकडून बाळाला इजा होण्याचा धोका त्यामुळे वाढत नाही. याउलट विचार तिला पटत असेल, आवाज ऐकू येत असतील, बाळात काहीतरी अशुभ आहे असं ठामपणे वाटत असेल, झोप पार उडाली असेल, तर ती बाळंतपणानंतरची सायकोसिस असू शकते आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायला हवं. हा फरक कळण्यासाठीच ते वॉर्डातलं शिक्षण.

ओसीडी ठरला की तिच्याकडून ते चित्र लिहून घेतात. वर्तमानकाळात, 'मी' वापरून, एक-दोन पानं, शेवटी 'असं होणारच नाही' हे वाक्य न जोडता. फोनवर स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून रोज वीस-तीस मिनिटं ऐकायचं. मुंबईतल्या एका खोलीत पाच माणसांच्या घरात हे कुठे ऐकायचं, हा खरा प्रश्न. इयरफोन लावून बसच्या खिडकीशी, गच्चीवर, जिन्यात. आठवड्याभराने बाई म्हणते, कंटाळा येतो ऐकून. तो कंटाळा हीच प्रगती. मग पुन्हा आंघोळ, आधी सासू बाजूला बसलेली, मग दाराबाहेर, मग स्वयंपाकघरात.

घरच्यांचं काम वेगळंच. त्यांना एका बैठकीला बोलवावंच लागतं, कारण आजार त्यांनी अंगावर घेतलेला असतो. नवरा बाहेरून आला की दारातच कपडे काढतो, मुलगी शाळेची बॅग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालते, आई दिवसातून चाळीस वेळा "हो रे, बंद केलंय" म्हणते. हे सगळं प्रेमापोटी. एका रात्रीत बंद केलं तर घरात भांडी आपटतात, कधी त्याहून वाईट. पेशंटच्या संमतीने, त्याच्याच तोंडून ठरवून घेतलेलं एक वाक्य वापरतात: "हा प्रश्न ओसीडीचा आहे, मी उत्तर देणार नाही. पण ये, बस माझ्याजवळ." पहिल्या आठवड्यात चाळीसची वीस उत्तरं, मग दहा, मग सकाळचं एक, मग तेही नाही. एकत्र कुटुंबात एखादी आत्या हमखास फुटते आणि हळूच सांगून टाकते, "बंद आहे रे बाबा, मी बघितलंय." तिलाही बैठकीला बोलवायचं.

सोवळ्याओवळ्याच्या घरात रेषा काढणं नाजूक असतं. थेरपिस्टने धर्माशी भांडू नये. तो त्याचा प्रांत नाही. त्याच घरातली, तेवढीच श्रद्धाळू दुसरी बाई जेवढं पाळते तेवढं पाळायचं, बाकीचं आजाराच्या खात्यात. शंका असेल तर घरच्या गुरुजींना एकदाच विचारायचं आणि लिहून ठेवायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ते कंपल्शन.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारखी एसएसआरआय गटातली औषधं ओसीडीत नैराश्यापेक्षा सहसा जास्त मात्रेत लागतात. सर्ट्रालीन २०० मिलिग्रॅमपर्यंत, फ्लुओक्सेटीन ६० ते ८० पर्यंत नेतात. गुण यायला आठ ते बारा आठवडे. बरेचजण तिसऱ्या आठवड्यात 'लागू पडत नाही' म्हणून सोडतात, किंवा कमी मात्रेवरच वर्ष काढतात. मात्रा वाढवणं-कमी करणं सायकियाट्रिस्टचं काम, केमिस्टचं नाही. अल्प्राझोलामसारखी झटपट शांत करणारी गोळी एक्सपोजरआधी घेतली तर शिकणंच होत नाही. श्रेय गोळीला जातं. तीव्र आजारात औषध आणि ईआरपी दोन्ही लागतात. खासगी थेरपी परवडत नसेल तर केईएम, नायर, सायन किंवा जेजेच्या मनोविकार ओपीडीत केसपेपर काढावा. गर्दी असते, सकाळी लवकर जावं, आणि थेरपीची सोय आहे का हे पहिल्याच दिवशी विचारावं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून चालू आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

नुसत्या चिंतेच्या, म्हणजे अँग्झायटीच्या आजारांतही हेच तत्त्व, हत्यारं जरा वेगळी. २०१३ साली डीएसएम-५ ने, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन संदर्भग्रंथाने, ओसीडीला चिंताविकारांच्या गटातून वेगळं काढलं, तरी क्लिनिकात दोन्ही बऱ्याचदा हातात हात घालून येतात. पॅनिक घ्या. पॅनिक अटॅक काही मिनिटांत टोकाला जातो आणि उतरतो, पण ती मिनिटं मरणाची वाटतात. आधी ईसीजी आणि थायरॉइड एकदा तपासून घ्यायचं. एकदाच. मग शरीराच्या त्याच संवेदना मुद्दाम आणायच्या: मिनिटभर जोरजोरात श्वास, नाक धरून दोन मिनिटं बारीक स्ट्रॉमधून श्वास, मिनिटभर जागच्या जागी धावणं, फिरत्या खुर्चीत गरगर. दमा, हृदयविकार, फिट्स किंवा गर्भारपण असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. छाती धडधडली, हात मुंग्यांनी भरले, आणि तरी मेलो नाही, हे शरीराला शरीराच्याच भाषेत कळतं.

पुढच्या पायऱ्या लोकलने आयत्या दिल्यात. पॅनिकचा माणूस फास्ट गाडी सोडून स्लो धरतो, कारण दर तीन मिनिटांनी उतरायची सोय. दारात उभा राहतो, पाण्याची बाटली आणि गोळीची पट्टी जवळ, कानाला बायकोचा फोन. ही सगळी कुबड्यांची फौज. दुपारची दादर-माटुंगा स्लो, एकच स्टेशन, दारापासून आत. मग अंधेरी ते दादर फास्ट. मग बोरिवलीहून अंधेरीपर्यंत कुठेही न थांबणारी. बाटली घरी, मग पट्टी घरी, मग फोन बंद. सगळ्यात शेवटी एसी लोकल, कारण तिची दारं बंद होतात. कुबड्या जवळ ठेवून चर्चगेट गाठलेल्या माणसाने काहीच शिकलेलं नसतं. तो म्हणतो, बाटली होती म्हणून वाचलो.

चारचौघांची भीती असणाऱ्यांसाठी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांचा एक खास व्यायाम आहे, लाज मुद्दाम ओढवून घेण्याचा. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवली आणि मराठीत लिहिली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एलिस पेशंटांना येणाऱ्या स्टेशनांची नावं मोठ्याने ओरडायला लावत. मुंबईत तो व्यायाम जसाच्या तसा चालत नाही. "पुढचं स्टेशन दादर!" म्हणून ओरडलं तर कुणी वळूनही बघत नाही, उलट चार माणसं विचारतात, "उतरणार का?" त्यापेक्षा बेस्टच्या बसमध्ये तिकीट काढल्यावर 'ही बस कुठे जाते हो?' असं कंडक्टरला विचारावं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, आणि पेशंटचा आकडा हमखास ८० ला जातो.

सततच्या काळजीला एक साधा उपाय आहे: काळजीची वेळ ठरवायची, संध्याकाळी साडेसहा ते सात, एकच जागा, वही. दिवसभरात आलेली काळजी एका शब्दात लिहून तिकडे ढकलायची. हे ओसीडीला वापरू नये; तिथे ती झडतीची अधिकृत वेळ होऊन बसते. चिंता आणि ओसीडी एकाच पद्धतीने हाताळणाऱ्या थेरपिस्टची ही नेहमीची चूक.

भेटी संपत आल्या की अंतर वाढवतात: पंधरा दिवसांनी, महिन्याने, तीन महिन्यांनी. गोळ्या बऱ्या वाटल्यावरही निदान एक-दोन वर्षं चालू ठेवतात आणि मग सायकियाट्रिस्ट हळूहळू उतरवतो. परीक्षा, बाळंतपण, घर बदलणं असल्या काळात उतरवू नयेत. विचार पुन्हा येणारच. ते बिघडल्याचं लक्षण नाही. लक्ष ठेवायचं ते कंपल्शनवर: कुलूप दोनदा ओढून बघितलं, रस्त्यात बायकोला फोन करून विचारलं, उशी वेगळी ठेवली. असं एकदा झालं तर त्याच दिवशी त्या पायरीचं एक्सपोजर स्वतः करावं, जुन्या कागदावर नवी तारीख घालून. सलग दोन आठवडे झालं तर फोन करून वेळ घ्यावी, आणि येताना साबणाचा हिशेब घेऊन यावं.